एकवीस, लाल

"तोंडाकडे बघू नकोस," बस्नेत साहेब माझ्या खांद्यामागून म्हणाले. "तोंड कुणालाही फसवतं. हात बघ."

मी हातच बघत होतो. चार नंबरच्या पडद्यावर रूलेटचं चाक वरून दिसत होतं आणि त्यावर दोन हात. डाव्या हाताने चाक एका बाजूला फिरवलं, उजव्याने पांढरी गोळी उलट दिशेला सोडली. हात सुलक्षा धुरीचे होते. टेबलावर त्या वेळी एकच खेळाडू होता. पिवळट बुशशर्ट, साठीच्या पुढचा, मान एका बाजूला कलती. त्याने आपल्या सगळ्या चिप्स एकाच आकड्यावर ठेवल्या होत्या.

गोळी फिरली, खाली घरंगळली आणि बसली.

"किती?" साहेबांना पडदा दिसत होता, तरी त्यांनी विचारलं.

"एकवीस, लाल."

"दीड तासात चौथ्यांदा."

पडद्यावर म्हातारा सुलक्षाला काहीतरी म्हणाला. ती हसली. आमच्या कॅमेऱ्यांना चित्र होतं, आवाज नव्हता.

"काय म्हणाला असेल?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण मला पुरावा हवा."

ही रविवारची सकाळ होती, दसऱ्यानंतरची. त्या वर्षी गोव्यातल्या खाणी बंद झाल्या होत्या. मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो बोटीवर मी कॅमेरा खोलीत काम करत होतो. वरच्या मजल्यावर बिनखिडकीची खोली, तिच्यात तीस-बत्तीस पडदे आणि आम्ही पाळीला तिघे. बस्नेत साहेब आमचे प्रमुख. काठमांडूच्या कॅसिनोत वीस वर्षं काढून आलेले. ते हिंदीत बोलत, मी मराठीत लिहितो आहे.

कॅसिनोला चोरी करावी लागत नाही, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. चाकावर आकडे सदतीस. बरोबर आकडा लावला तर पस्तीस पट देतात. मधला जो फरक उरतो तो घराचा. घर म्हणजे बोट. गिऱ्हाईक आज जिंकलं तरी त्याला गरम नाश्ता, खोली, परतीची गाडी, सगळं फुकट द्यायचं. ते पुन्हा येतं. भिंतीवर घड्याळ नाही, बाहेरचा उजेड नाही. बसलेल्या माणसाने फक्त बसून राहायचं. बाकीचं गणित करतं. म्हणून गणित चुकलं की आम्हाला एकच गोष्ट समजायची: कुणाचा तरी हात आडवा आला आहे.

गुरुवारपासून गणित चुकत होतं. रूलेटच्या तीन नंबरच्या टेबलावर, सकाळच्या पाळीत, एकवीस हा आकडा यायला हवा त्याच्या तिप्पट-चौपट येत होता. एवढं कधीकधी नुसत्या नशिबानेही होतं. पण हा इचलकरंजीचा घोडके नावाचा माणूस गुरुवारी आला, एक तास कागदावर आकडे टिपत बसला, आणि मग त्याने एकवीस धरला तो सोडलाच नाही. शिवाय तो सुलक्षा टेबलावर असली तरच पैसे लावायचा. डीलर दर अर्ध्या तासाला बदलतात. ती विश्रांतीला गेली आणि तिच्या जागी दुसरा पोरगा आला की घोडके खुर्ची मागे सरकवून चहा मागवायचा. ती परत आली की पुढे सरकायचा.

बस्नेत साहेब दसऱ्याला गावी, नेपाळला होते. त्यांची पंधरा दिवसांची रजा होती. मालकांचा फोन गेल्यावर ते शनिवारी संध्याकाळी परतले. कपाळावर दही-तांदूळ-कुंकवाच्या टिळ्याचा लाल डाग अजून होता. बॅग कोपऱ्यात ठेवून ते थेट पडद्यासमोर बसले.

"ही बाई कुठली?" त्यांनी विचारलं होतं.

"सिंधुदुर्गची. तळवण्याची."

"आणि तू?"

"मळेवाडचा."

"लांब आहे?"

"फार नाही."

त्यांनी मान हलवली. ते पुन्हा पडद्याकडे वळले. पण त्यांनी ते लक्षात ठेवलं, हे मला दिसलं.

आम्हाला टेबलावरच्या लोकांशी बोलायला बंदी होती. आमची बोटीवर जायची लाँच वेगळी, जेवणाची खोली वेगळी. पगार झाला की टेबलवाल्यांनी पार्टी केली तर आम्ही जायचं नाही. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्या ताटात जेवू नये, असं साहेब म्हणायचे. त्यामुळे सुलक्षाला मी दीड वर्ष रोज आठ तास बघत होतो आणि तिच्याशी चार वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. तिची माहिती होती ती कागदावरची आणि गावाकडून कानावर आलेली. वय अडतीस. नवऱ्याचा खनिज वाहायचा ट्रक. खाणी थांबल्यापासून ट्रक अंगणात उभा. मुलगी बारावीला. घर त्या वेळी तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

साहेबांच्या लेखी हे सगळं एकाच बाजूला जमा होत होतं. "गरज," ते एकेक बोट मोडत म्हणाले. "संधी. साथीदार. तिन्ही आहेत. आता फक्त युक्ती सापडायची आहे."

युक्ती सापडेना. रविवारी दुपारी टेबल बंद करून त्यांनी स्वतः चाक तपासलं. पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. गोळीला लोहचुंबक लावून बघितलं, गोळी चिकटली नाही. टेबलाखाली वायर नाही, काही नाही. चाकाची कड फडक्याने पुसली, फडकं स्वच्छ. बोटीचे मॅनेजर मिनेझिस शेजारी उभे होते. ते म्हणाले, "बस्नेत बाब, नशीब म्हणून काही असतं की नाही?"

"असतं," साहेब म्हणाले. "पण ते अर्ध्या तासाने चहा मागवत नाही."

सोमवारी सकाळी त्यांनी डाव टाकला. सुलक्षाला टेबलावर पाठवलंच नाही. तिच्या जागी संकेत नावाचा एक तगडा पोरगा उभा केला. घोडके आठला आला. बसला. तास-सव्वातास बसला. एकही चिप न लावता दोन चहा प्यायला आणि उठून गेला.

"झालं," साहेब म्हणाले. "तो आकड्यावर खेळत नाही. बाईवर खेळतो."

माझंही तेच मत झालं होतं. हे मी आज कबूल करतो. चार दिवस मी तिच्या हातांची एकेक हालचाल मंद करून पाहिली होती. ती गोळी सोडण्याआधी अंगठा तर्जनीवर घासायची. कधी मंगळसूत्र सारखं करायची आणि मग नियमाप्रमाणे टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवायची. सगळे डीलर तसंच दाखवतात, हातात काही लपवलेलं नाही म्हणून. पण संशय घेऊन बसलं की रिकामा तळवाही जास्तच रिकामा वाटू लागतो. मी अहवालात लिहिलं: 'गोळी सोडण्याआधी बोटांची वारंवार संशयास्पद हालचाल.' सही केली.

तिला धक्क्यावरच्या ऑफिसात बसवून ठेवलं होतं. मी दुपारी दीडला पाळी संपवून लाँचने धक्क्यावर उतरलो. ऑफिसच्या काचेच्या दारातून ती दिसली. युनिफॉर्मवरच, प्लास्टिकच्या खुर्चीत. दारावरचा वॉचमन बाहेर कुणाशी तरी बोलत होता. मी मान खाली घालून पुढे जाणार, तेवढ्यात तिने दार ढकललं.

"दिगंबर."

मी थांबायला नको होतं. थांबलो.

"फोन काढून घेतल्यानी माझो. पोलिसांक बोलावतले म्हणतत. काय केलंय ताच कोण सांगणा नाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तू वर असतंस. तुका दिसता सगळां. सांग त्यांका, मी काय करूक नाय."

"माका तुझ्याशी बोलूक परवानगी नाय, सुलक्षा."

"माझ्याशी बोलू नको. त्यांच्याशी बोल." तिने वॉचमनकडे बघून घेतलं. "पोलिसांत नाव गेला तर ह्या नदीत एक बोट माका उभी करूची नाय. मगे काय? घोवाचो ट्रक गंजता. चेडवाची फी भरूची आसा."

वॉचमन वळला. मी निघालो.

जेवायला बसलो, पण ताट तसंच बाजूला सारलं. दयेपोटी नाही, हेही सांगून टाकतो. मला तिचा राग आला होता. चोरी करून वर मलाच साक्ष द्यायला सांगते, असं वाटलं. मी तसाच उठलो, पुढच्या लाँचने परत बोटीवर गेलो आणि सोमवार सकाळची चित्रफीत लावली. ती टेबलावर नव्हती, म्हणजे हात बघायचा प्रश्न नव्हता. मला घोडकेचं तोंड बघायचं होतं. तो तासभर काय शोधत होता ते.

तो चाकाकडे बघतच नव्हता. डोळे अर्धवट मिटून, मान कलती करून बसला होता. कान चाकाकडे.

मग मी चाकाकडे वळलो. पाळी सुरू होण्याआधी, सातला, चाक थांबलेलं असताना कॅमेरा सगळ्यात जवळ घेतलेला असतो, तपासणीसाठी. त्यात एक काळा ठिपका होता. काचेवरची धूळ असेल म्हणून मी पुढे सरकवलं. ठिपका हलला होता. मागे घेतलं, पुन्हा पुढे. ठिपका मधल्या पितळी खुंटीपासून निघून खाचांच्या रांगेपाशी आला, एकवीसच्या खाचेत उतरला आणि तिथेच थांबला. काही वेळाने दुसरा ठिपका त्याच वाटेने आला.

मुंग्या.

मुंग्या गोडाला येतात, आणि चाकापाशी गोड आलं होतं ते एकदाच. मग मी मंगळवारची चित्रफीत उघडली, आधीच्या मंगळवारची. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी सात ते आठ टेबलं बंद ठेवून बोटीवर हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे पत्ते, पत्ते वाटायची पेटी, चाक. त्या वर्षी ठरवलेले भटजी आले नाहीत. त्यांनी त्याच वेळेला दुसऱ्या बोटीचीही सुपारी घेतली होती. मिनेझिसनी वर कॅमेरा खोलीत फोन केला. "अरे, तुमच्यात एक गुरव आहे ना? देवळातला? दहा मिनिटांचं काम आहे, ये खाली."

मी गुरव. मळेवाडच्या देवळात आमच्या घराण्याची पूजा. कॅमेरा खोलीच्या माणसाने टेबलांच्या मजल्यावर पाऊल ठेवायचं नाही, हा नियम मला पाठ होता. पण साहेब नेपाळात होते, मॅनेजर बोलावत होते आणि पूजेला नाही म्हणायचं नसतं.

पडद्यावर मी मला बघितलं. वरून, टक्कल पडू लागलेला मी. नारळ फोडला. सुरी कुणाकडे नव्हती म्हणून गुळाचा खडा हातानेच फोडला आणि नैवेद्याचं खोबरं त्यात कालवलं. मग तीच बोटं पिंजरेत बुडवली. कुंकवाला आमच्याकडे पिंजर म्हणतात. प्रत्येक टेबलाच्या कडेला, पत्त्यांच्या पेटीला बोट लावत गेलो. चाकापाशी आलो. मधल्या खुंटीवर एक बोट लावलं आणि हात जरा वर थांबला. सदतीस खाचा. त्यातली एक निवडायची तर कुठली, याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. गणपतीच्या दूर्वा एकवीस, मोदक एकवीस. माझं बोट एकवीसच्या खाचेत गेलं.

दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यांनी सगळीकडची पिंजर पुसली. खुंटीवरची पुसली, टेबलांवरची पुसली. एकवीसची खाच लाल रंगाची. लालावरची पिंजर कुणाला दिसली नाही. गूळ तिथेच राहिला. एरवी गोळी खाचेत आपटून उडते, दोन-तीन उड्या मारून मग कुठेतरी बसते. एकवीसमध्ये ती पडली की चिकट्यात दबकत होती.

आमच्याकडे चित्रफीत सात दिवस ठेवत. सात दिवस झाले की यंत्र आपणहून पुसून टाकायचं. मंगळवारची पूजा उद्या सकाळी सातला पुसली जाणार होती. त्या वेळी सोमवारचे चार वाजले होते.

मला काहीच करायचं नव्हतं. पंधरा तास गप्प राहिलो असतो तर मी त्या चाकाला हात लावल्याचं जगात कुठेच राहिलं नसतं. सफाईच्या वेळी कुणी तरी ती खाच पुसलीच असती. सुलक्षा गेली असती.

सहा वाजता मी बस्नेत साहेबांना बोलावलं आणि दोन्ही चित्रफिती दाखवल्या. आधी मुंग्या, मग पूजा. गूळ, पिंजर, सगळं सांगितलं. ते खाली गेले, हातात बॅटरी घेऊन. दहा मिनिटांनी परत आले. बोटाच्या टोकाला लालसर मळ होता. त्यांनी तो नाकाशी नेऊन हुंगला.

"गूळ," ते म्हणाले.

"हो, सर. चूक माझी आहे. त्या बाईचा काही संबंध नाही."

ते खुर्चीत बसले आणि पूजेची चित्रफीत पुन्हा लावली. तीनदा. चौथ्यांदा चाकापाशी थांबवली.

"तुझ्या शेजारी ताट कोणी धरलंय?"

मी बघितलं. चार वेळा बघूनही ते मला दिसलं नव्हतं, कारण मी माझंच बोट बघत होतो. पूजेचं ताट धरून सुलक्षा उभी होती.

"सर, सवाशीण लागते. ती समोर होती म्हणून मिनेझिस साहेबांनी..."

"तिचं गाव तुझ्या गावाजवळ. भाषा एक. तू कॅमेऱ्यात, ती टेबलावर. ताट तिच्या हातात, बोट तुझं. आणि सदतीस खाचांतली एकच."

"गणपतीचा आकडा आहे, सर."

"तुझ्या गणपतीला मी ओळखतो. माझ्याकडेही आहे." ते रागावलेले नव्हते. खूप दिवस अडलेलं गणित सुटल्यावर माणूस बसतो तसे बसले होते. "मला एक सांग. हे उद्या सकाळी पुसलं जाणार होतं. तू आज का आलास?"

"कारण ती निर्दोष आहे."

"दुपारी दीडला धक्क्यावर तू तिच्याशी बोललास. तिथेही माझा कॅमेरा आहे. काय म्हणाली? तू वाचवलं नाहीस तर नाव घेईन?"

"नाही, सर."

"मग काय म्हणाली?"

मी सांगितलं. सगळं दिसतं ते त्यांना सांग, असं म्हणाली. बोलता बोलता मला ते वाक्य वेगळंच, धमकीसारखं ऐकू येऊ लागलं. साहेबांनाही आलं असावं.

"वीस वर्षांत," ते म्हणाले, "माझ्याकडे कबुली द्यायला येणारा प्रत्येक माणूस अर्धीच कबुली घेऊन आला. उरलेली अर्धी मला काढावी लागली."

"सर, पोलिसांत द्या मला. पण तिचं..."

"पोलीस येणार नाहीत. आमच्या चाकाला सहा दिवस गूळ होता, हे पेपरात द्यायचं आहे का मालकांना? तुम्ही दोघं उद्यापासून नाही. हिशोब मिळेल."

"पण ती का, सर? तिच्याविरुद्ध आता आहे काय?"

"सकाळपर्यंत माझ्याकडे कॅमेऱ्यामागचा साथीदार नव्हता," ते म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद केला. "तो तू आणून दिलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांवर सह्या करून मी धक्क्यावर बाहेर आलो तर समोर घोडके उभा. हातात रेक्झिनची पिशवी. आत सोडत नव्हते म्हणून वॉचमनशी हुज्जत घालत होता.

मी त्याला बाजूला घेतलं. मी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"गूळ होय!" तो म्हणाला. "मी म्हणत होतो मेण असेल. अहो, आमचे चोवीस माग आहेत. मी ऑफिसात बसून सांगतो कुठल्या मागाचा खटका सैल झालाय. ती गोळी बाकी कुठंबी पडली तर टण-टण-टण करती. एकवीसला पडली की बद्द. मेल्यागत. पहिल्या दिवशी ऐकलं आणि म्हटलं, हितं मशीन आजारी आहे."

"आणि त्या बाई असल्या तरच का खेळलात?"

"त्या ताई हळू सोडत्यात. हाताला वळण आहे. पोरं दगड मारल्यागत मारत्यात, गोळी चिकटायची कशी?"

"काका, एवढंच आत येऊन साहेबांना सांगा. त्या बाईंची नोकरी गेली आहे."

त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे मशीन आजारी होतं, हे मला ठावं होतं म्हणून सांगायचं? मग जिंकलेलं परत मागतील की."

"मागणार नाहीत."

"तुम्ही लिहून देता?"

मी बोटीकडे बघितलं.

"तसं नसतं, गुरव," तो म्हणाला. मग जवळ येऊन आवाज उतरवला. "बरं ते राहू दे. पुढच्या खंडेनवमीला कुठल्या बोटीवर पूजा हाय तुमची? तेवढं कळवा. मी एकट्यानं खाणारा माणूस न्हाई."

तो रिक्षात बसून गेला.

मी मळेवाडला परतलो. घरी आई एकटीच. तिला मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "देवाक सगळां ठावक आसा," आणि पुन्हा विषय काढला नाही. मी देवळातली पूजा सांभाळायला लागलो, सावंतवाडीत एका दुकानात कॅमेरे बसवायचं काम मिळतं का बघत होतो. सुलक्षाचा फोन लागत नव्हता. दोनदा तळवण्याला जायला निघालो, दोनदा तिठ्यावरून परत आलो.

मार्गशीर्षात एका गुरुवारी सकाळी ती आली. भाऊ मोटरसायकल घेऊन बाहेर रस्त्यावर थांबला होता. मी सोप्यावर खुर्ची पुढे केली.

"बस म्हणू नको. बसाक इलंय नाय." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "माझो वाटो घेवक इलंय."

"कसलो वाटो?"

"दिगंबर, बोट लावलंस तू. ताट धरलंय मी. गोळी फिरवलंय मी. जिंकलो तो म्हातारो. तुम्ही दोघांनी वाटून घेतलास, आणि माका कोणी सांगूक पण नाय."

"सुलक्षा, माका एक पैसो गावूक नाय. देवाची शप्पथ."

"मगे साहेबाकडे आपणहून कित्याक गेलंस? कोण शाणो माणूस असां करता? बोटीवर सगळे म्हणतत, वाटणीवरून तुमचा फिसकटला."

"तू म्हणालंस म्हणून गेलंय. त्यांका सांग म्हणालंस."

"मी म्हणालंय, मी काय करूक नाय ता सांग." तिचा आवाज अजूनही चढलेला नव्हता. "तू जावन तू काय केलंस ता सांगलंस. आणि वर माका तुझी साथीदार करून इलंस. तीन बोटींवर विचारलंय. नाव ऐकतत आणि हसतत. चेडवान कॉलेज सोडल्यान."

बोलण्यासारखं एकच वाक्य माझ्याकडे होतं आणि ते बस्नेत साहेबांना, घोडकेला, तिला सांगून झालं होतं.

"माका सगळे नको," ती म्हणाली. "माझो वाटो दी. मगे तू चोर म्हण, मी चोर म्हणतंय, विषय संपलो."

मी आत गेलो. कपाटात बोटीने दिलेला हिशोब होता, तीन पगारांचा, आणि मी साठवलेले थोडे. ते पाकीट मी उचललं. हे मदत म्हणून देतो असं म्हणालो असतो तर तिने हात लावला नसता, हे मला माहीत होतं. मुलीची फी म्हणून म्हणालो असतो तर तोंडावर फेकून गेली असती. तिने मागितलं होतं त्याच नावाने ते तिच्याकडे जाऊ शकत होतं.

बाहेर येऊन मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं. उघडून बघितलं नाही. पण तिचा चेहरा बदलला. इतका वेळ तिला कुठेतरी शंका होती, ती आता गेली.

"म्हणजे होते," ती म्हणाली.

मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मी वळलो तर आई माजघराच्या दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं मला माहीत नाही. बहुतेक सगळंच. ती माझ्याजवळ आली, रस्त्याकडे एकदा बघून घेतलं आणि शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"आणखी किती आसत?"